अनुभव धागा : पत्रा दिसेपर्यंत

मागच्या वर्षी एकदा मेकअपचा ड्रॉवर ओढला तर तो अर्ध्यातच अडला, आत कुठलीतरी पॅलेट आडवी झाली होती. हात घालून ती सोडवता सोडवता वैतागून सगळा ड्रॉवरच पलंगावर ओतला आणि म्हटलं आता मोजूच. लिपस्टिक २३. मनगटापासून कोपरापर्यंत एकेक रेघ ओढून बघितली तर त्यातल्या नऊ सरळ सरळ एकच विटकरी रंग, नावं तेवढी वेगळी, आणि प्रत्येक वेळी "हा आपल्याकडे नाहीये" असं वाटून घेतलेली. ब्लश ६. काजळं किती ते सांगत नाही.

मग ठरवलं, नवीन न उघडता असलेल्यातल्या १० वस्तू ६ महिन्यांत संपवायच्या. प्रोजेक्ट पॅन म्हणतात ना ते. पावडरच्या डबीत मधोमध खालचा पत्रा दिसेपर्यंत घासायचं आणि पत्रा दिसला की फोटो काढून नाचायचं. सहा महिन्यांनी हिशेब असा : ४ संपल्या (त्यात एक काजळ आणि एक लिप बाम, म्हणजे तसे सोपे मार्क), ३ अर्ध्यावर, २ खराब निघाल्या, १ हरवली. हरवलेली संपली धरायची का यावर घरात अजून मतभेद आहेत.

तर लिहा सगळ्यांनी. मुदत किती घेतली, पाळली का, काय संपलं, कुठे अडलं. चीटिंग केली असेल तर तीही लिहा, तीच वाचायला जास्त मजा येते.

*

मी ३ महिन्यांत ३ लिपस्टिक असं ठरवलं होतं. एक महिना झाला तरी टोकाचा तिरका काप सुद्धा धड गेला नव्हता. मग माझ्यातली हिशेबनीस जागी झाली आणि सोनाराकडे असतो तसला ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा आणला. लिपस्टिकमध्ये माल असतो साधारण साडेतीन ग्रॅम. रोज दोनदा लावून दोन आठवड्यांत वजन उतरलं ०.२८ ने, म्हणजे एका वेळेला जेमतेम ०.०१ ग्रॅम. करा भागाकार, साडेतीनशे वेळा! रोज दोनदा, एकच रंग, एकही सुट्टी नाही, तरी सहा महिने. ताई तुमच्या २३ लिपस्टिक सगळ्या नव्या धरल्या तर ११ वर्षं झाली.

तेव्हापासून मी "संपवायची" अशी मुदतच घेत नाही, "महिन्यात अर्धा ग्रॅम" अशी घेते. ती पाळता येते. एक मात्र लक्षात ठेवा, वजन दर वेळी झाकणासकट करायचं, मी एकदा झाकण बाजूला ठेवून वजन केलं आणि पाच ग्रॅम उडाल्याचा आनंद पूर्ण संध्याकाळभर घेतला.

*

मस्करा कुणी या चॅलेंजमध्ये घेऊ नका प्लीज. मी घेतला होता. आठ महिने उघडा असलेला, सुकायला आलेला, पण मुदत संपायला वीस दिवस बाकी आणि मी हट्टी, मग काय, ट्यूब गरम पाण्यात धरून पातळ करून लावत राहिले. डाव्या डोळ्याला रांजणवाडी. मुदतीचे उरलेले दिवस काळा चष्मा लावून काढले. डॉक्टरांनी विचारलं मस्करा कधी उघडलाय आणि मी खोटं बोलले, त्यांना कळलंच. साधारण तीन महिन्यांत बदलायचा असतो तो, संपो न संपो. ब्रश पापणीला लावून परत ओल्या अंधाऱ्या नळीत घालतो आपण, जंतूंना अजून काय हवं.

*

वरच्या पोस्टला अनुमोदन. आणि पाठीमागे उघड्या झाकणाच्या डबीचं चित्र असतं बघा, त्यात ६ एम, १२ एम असं लिहिलेलं. ते उघडल्यापासूनचे महिने. मी सुरुवातच तिथून केली, प्रत्येक वस्तूवर पांढरी चिकटपट्टी लावून उघडल्याची तारीख लिहिली, जिथे आठवत नव्हती तिथे अंदाजे, आणि ज्या वस्तूचा अंदाज पण येईना ती वास घेऊन. लिपस्टिकला जुन्या मेणबत्तीसारखा वास आला की गेली. पातळ आणि क्रीमच्या गोष्टी आधी संपवायला घ्यायच्या, फाउंडेशन, क्रीम ब्लश वगैरे, त्या लवकर बिघडतात. कोरडी पावडर बिचारी थांबते. आपण नेमकं उलटं करतो, कारण पत्रा पावडरलाच दिसतो आणि फोटो पत्र्याचाच छान येतो.

*

माझं एका पॅलेटचं चॅलेंज होतं, १२ रंग, १ वर्ष, डोळ्यांना दुसरं काही म्हणजे काहीच लावायचं नाही. पहिले चार महिने मस्त गेले कारण त्यात एक फिकट बदामी आणि दोन ब्राऊन होते, त्यांच्या जिवावर मी निघाले होते. बदामीचा पत्रा पंधराव्या आठवड्यात दिसला, आधी मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा चकचकीत ठिपका, मला वाटलं ग्लिटर सांडलंय, नखाने टोकरलं तर तोच तो. मग रोज सकाळी ब्रश फिरवला की तो ठिपका जरा मोठा व्हायचा. खोटं कशाला बोलू, ऑफिसला जायचा उत्साह काही दिवस त्या ठिपक्यामुळे होता.

मग ब्राऊन संपत आले आणि समोर उरले निळा, हिरवा, जांभळा आणि एक शेंदरी. आता सकाळी साडेनऊच्या मीटिंगला निळ्या पापण्या घेऊन कोण बसणार? मी बसले. दोन आठवडे बसले. मग निळा ओल्या ब्रशने आयलायनरसारखा लावायला लागले, बारीक रेघ, ते दिसायला पण बरं दिसायचं, आणि ते इतकं आवडलं की वर्ष संपल्यावर सुद्धा चालू ठेवलंय. शेंदरी मात्र अजून जसाच्या तसा आहे, त्याच्यावर कंपनीचा ठसा पण पुसलेला नाही.

मध्ये एकदा ब्राऊन उचलेचना, ब्रशला रंगच येईना, वर गुळगुळीत चामड्यासारखा थर. मला वाटलं खराब झाला. तसं नसतं, आपल्या कातडीचं तेल ब्रशवाटे पावडरीत जाऊन वरचा थर घट्ट बसतो. साधा सेलोटेप हलक्या हाताने दाबून उचलला, तो थर निघून आला, खाली रंग ताजा.

*

चीटिंग विभागात माझं नाव लिहा. ब्लश ५ ग्रॅम, मुदत ३ महिने, शेवटचा आठवडा आला आणि अजून कडेने गोल भिंत उभी. मग मी इतका लावायला लागले की ऑफिसातल्या एकीने कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून. शेवटच्या दिवशी भिंत टाचणीने पाडून पावडर बेसिनमध्ये उडवली आणि संपल्याचा फोटो टाकला. लाइक्स भरपूर आले. बेसिनवरचा गुलाबी डाग तीन दिवस होता.

*

हौशी नाटकाच्या ग्रुपमध्ये मेकअपचा डबा माझ्याकडे असतो (हो, पुरुष आहे, हो, मलाच जमतो). आमच्याकडे मुदत प्रयोगाची तारीख ठरवते. गेल्या वर्षी ग्रुपमध्ये ठराव केला, डब्यातलं संपल्याशिवाय नवीन काही घ्यायचं नाही, १० प्रयोग. पॅनकेक (चेहऱ्याला लावायचा स्टेजचा घट्ट बेस) आणि पावडर सहज संपली, कारण १४ चेहरे. एका चेहऱ्याला मेकअप फार थोडा लागतो हे तेव्हा नीट कळलं, तुम्ही एकट्याने ६ ब्लश कसे संपवणार?

पण चेहरे जास्त असले की सोवळंओवळं पाळावं लागतं. लिपस्टिक थेट ओठांवर फिरवायची नाही, पट्टीने थोडी खरवडून प्लेटवर घ्यायची आणि प्रत्येकाचा ब्रश वेगळा. काजळ ज्याचं त्याने आणायचं, त्यावर चर्चा नाही. आणि खरवडताना लक्षात आलं की वर दांडी संपली तरी खाली कपात बराच माल उरतो. आम्ही तोवर त्या नळ्या फेकत होतो.

*

वरचं वाचून आत्ता उठून दोन "संपलेल्या" लिपस्टिक कचऱ्यातून परत काढल्या. टूथपिकने कोरलं. एका नळीतून निघालेला ढिगारा बघून मी गप्पच झाले, हरभऱ्याच्या दोन दाण्यांएवढा तरी होता. लेन्सच्या रिकाम्या डबीत भरला, दोन्ही रंग एकत्र, ब्रशने लावते. म्हणजे मी आजवर प्रत्येक लिपस्टिकचा शेवटचा महिना फेकून देत आले होते.

*

नेलपॉलिशवाले कुणी नाही का? माझं चॅलेंज ५ बाटल्या, ४ महिने, दर रविवारी दोन हात. तिसऱ्या महिन्यात सगळ्या घट्ट, तारा सुटायला लागल्या. मी हुशारी केली, रिमूव्हर ओतला. त्या दिवशी छान पातळ झाली, नंतर दोन दिवसांत नखावरून पापुद्रे. रिमूव्हरचं कामच पॉलिश मोडायचं असतं, ते कुठून धरणार! थिनर वेगळं मिळतं, दोन-तीन थेंब, आणि बाटली हलवायची नाही, तळहातांमध्ये धरून लाटण्यासारखी फिरवायची, म्हणजे बुडबुडे येत नाहीत. तरी पाचातल्या दोनच संपल्या. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, पण ते तळं आटवायचं कसं हे कुणी सांगितलेलं नाही.

*

मी जरा विरुद्ध बोलते. मी दोन वर्षं हे केलं, दर महिन्याला "संपलेल्यांची" पिशवी भरायची, आणि प्रत्येक रिकाम्या डबीमागे स्वतःला बक्षीस म्हणून एक नवीन. बक्षिसं मोजली तेव्हा ३१ निघाली, रिकाम्या १९. म्हणजे मी संपवत नव्हते, दुकानात जायला कारण कमवत होते. वर चॅलेंजचे व्हिडिओ बघताना दर तिसऱ्या मिनिटाला काहीतरी नवीन हवंसं वाटायचं ते वेगळंच.

आता मुदत उलटी घेतलीय, ९० दिवस काही विकत घ्यायचं नाही, वापरायची सक्ती शून्य. न आवडलेला रंग रोज सकाळी तोंडाला फासून कोणाचं भलं होतं मला कळत नाही, पैसे तर तेव्हाच गेले. सील न उघडलेल्या चार वस्तू बहिणीला दिल्या, तिने लगेच वापरायला पण काढल्या. वाईट वाटलं का? थोडं वाटलं, एका गुलाबी लिपस्टिकचं.

*

धागा काढणारी परत हजर. बक्षिसांची पोस्ट वाचून गुपचूप माझीही यादी काढली. सहा महिन्यांत ४ संपल्या, ५ आल्या. त्यातली एक विटकरी.

दुसऱ्या फेरीसाठी १० वरून ३ वर आलेय : एक फाउंडेशन (८ महिने झालेत उघडून, चिकटपट्टी लावली), एक ब्लश, आणि त्या नऊ विटकरींपैकी सगळ्यात छोटी उरलेली. ती लेकीला आवडते म्हणून लेक मला लावू देत नाही, "आई ती संपेल ना". तिला समजावतेय की तोच उद्देश आहे. आणि हो, हरवलेली दहावी वस्तू सापडली, नवऱ्याच्या पेन स्टँडमध्ये. आयब्रो पेन्सिल होती, वर्षभर तो तिने पार्सलवर पत्ते लिहीत होता. जवळजवळ संपलीय.