मदत हवी आहे: माणसाला ‘ब्लाइद’ म्हटलं तर कौतुक की टीका?

नमस्कार मंडळी. निवृत्त होणाऱ्या एका शिक्षिकेसाठी इंग्रजीत मानपत्र लिहितोय. त्यांच्या प्रसन्न स्वभावाला ‘ब्लाइद’ (blithe, म्हणजे आनंदी) हा जुना शब्द मला फार आवडलाय. इंग्रज कवी शेलीने 1820 च्या चंडोलावरच्या कवितेत पहिल्याच ओळीत पक्ष्याला ‘ब्लाइद स्पिरिट’ म्हटलंय, आणि तिथे आनंदाशिवाय दुसरं काही नाही.

अडचण अशी, की आजच्या लेखनात ‘ब्लाइदली’ भेटतं ते बहुधा ‘परिणामांची फिकीर न करता’ या अर्थाने, म्हणजे नापसंतीच. ऑक्सफर्ड आणि मेरियम-वेबस्टर हे दोन्ही शब्दकोश पाहिले. दोन्हींत दोन्ही अर्थ आहेत, पण आजच्या वाचकाच्या मनात आधी कोणता येतो ते त्यावरून कळत नाही. ‘चिअरफुल’ ठाऊक आहे, पण फार रोजचा वाटतो. ‘गे’चा ‘आनंदी’ हा जुना अर्थ आता चालणार नाही. मानपत्र समारंभात मोठ्याने वाचलं जाणार आहे, त्यामुळे तळटीप देऊन खुलासा करण्याची सोय नाही. ऐकणारे बरेचसे अमराठी, रोज इंग्रजी वापरणारे आहेत.

वाईट छटा ‘ब्लाइदली’ आणि ‘ब्लाइद डिसरिगार्ड’ (बेफिकीर दुर्लक्ष) यांसारख्या ठरलेल्या जोड्यांपुरतीच आहे, की ‘हर ब्लाइद स्पिरिट’ ऐकतानाही कुणाला बाई बेफिकीर होत्या असं वाटेल?