रानपिंगळा आणि दगडफूल यांची तुलना कशी करावी?

प्रश्न
महाविद्यालयातील जैवविविधता प्रकल्पासाठी मी रानपिंगळा हे घुबड आणि मसाल्यात वापरले जाणारे पार्मोट्रेमा पर्लेटम हे दगडफूल यांची तुलना करत आहे. आकार आणि अधिवास लिहून झाले, परंतु प्रजननाच्या रकान्यात एका बाजूला नर, मादी आणि अंडी, तर दुसऱ्या बाजूला एकाच नावाखाली नांदणारी बुरशी आणि शैवाल आहेत. अशा दोन प्रजातींची तुलना मुळात करता येते का?

उत्तर १
करता येते, मात्र दोन रकान्यांऐवजी तीन करावेत. दगडफुलासारख्या शैवाकाचे, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून बनलेल्या सजीवाचे, शास्त्रीय नाव नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्यातील बुरशीचेच असते आणि सोबतच्या ट्रेबॉक्सिया या हरित शैवालाचे नाव वेगळे असते. या दगडफुलाच्या कडांवर पिठासारखे सूक्ष्म कण तयार होतात. त्यांत बुरशीचे धागे आणि शैवालाच्या पेशी एकत्र असल्यामुळे, कण वाऱ्याने दुसऱ्या सालीवर पोहोचले की दोन्ही भागीदार एकदमच तेथे वाढू लागतात. याउलट बुरशीचा बीजाणू एकटाच गेला, तर त्याला नव्या जागी योग्य शैवाल भेटावेच लागते. घुबडाच्या पिल्लाला असा परका जोडीदार मिळाल्याशिवाय देहच घडत नाही, असे कधीच होत नाही. माझ्या मते तुमच्या प्रकल्पाचा गाभा येथे आहे.

उत्तर २
ओळख पटवण्याच्या पद्धतीचाही विचार व्हावा. पक्षीतज्ज्ञ ह्यूम यांनी १८७३ मध्ये वर्णन केलेला आणि १८८४ नंतर शतकभर न सापडलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसला, तेव्हा जवळजवळ ठिपके नसलेले डोके आणि पोटाचा स्वच्छ पांढरा भाग यांवरून तो साध्या पिंगळ्याहून वेगळा ओळखता आला. शैवाकांत नुसत्या रूपावर इतके विसंबता येत नाही. अमेरिका खंडातील कोरा हे शैवाक दीर्घकाळ एकच प्रजाती मानले जात होते, पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात त्याच्या शंभराहून अधिक प्रजाती निघाल्या. बाजारातील दगडफुलातही अनेक प्रजातींची सरमिसळ असते, म्हणून नमुना आधी तज्ज्ञांना दाखवावा.

प्रश्नकर्ता
दोघांचे आभार. संख्येच्या रकान्यात काय लिहावे? घुबडे मोजता येतात, पण खोडावरील दगडफुलाचे ठिगळ एक धरावे की अनेक?

उत्तर १
शेजारची ठिगळे वाढताना एकमेकांत मिसळतात, त्यामुळे नग मोजू नयेत. खोडावर चौकटीची जाळी धरून किती घरे व्यापली आहेत ते नोंदवावे आणि त्या रकान्याला 'व्याप्ती' असे नाव द्यावे.