मदत हवी आहे: अलिप्ततेपासून आजपर्यंतचं परराष्ट्र धोरण बारावीच्या मुलांना कसं समजावू?

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरचं कोणी ना कोणी टॉवेलच्या कारखान्यात आहे, मागावर नाहीतर शिलाईला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि मग रशियाचं तेल घेतो म्हणून आणखी २५ टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हापासून या विषयाच्या तासाला मुलं गप्प बसत नाहीत. पुढे त्या करात फेरबदल झाले, पण प्रश्न राहिलेच.

एका मुलीने आईने कडा शिवलेला टॉवेल आणला होता. कोपऱ्यात परदेशी दुकानाचं लेबल, त्याखाली धुण्याच्या सूचना. म्हणाली, "मॅडम, तेल घेतलं रिफायनरीने, मग कर आमच्या टॉवेलवर का?" लगेच मागच्या बाकावरून आलं, की रशियाचं तेल चीन तर आपल्याहून जास्त घेतो, मग त्याला तेलापायी जादा कर का नाही? आणि टॉवेलच्या बाजारात आपल्याशी टक्कर देणाऱ्या पाकिस्तानला तेव्हा १९ टक्केच कसे?

चीनचं उत्तर मी दिलं: दुर्मिळ खनिजांची नाडी त्याच्या हातात आहे, त्याला दुखावणं अमेरिकेला परवडत नाही. पण खरी पंचाईत पुढे आहे. पुस्तकात १९६१ ची बेलग्रेड परिषद येते, म्हणजे अमेरिका किंवा सोव्हिएत संघ यांपैकी कुठल्याच गटात न जाणाऱ्या अलिप्त देशांची, लगेच १९७१ चा सोव्हिएत संघाबरोबरचा मैत्री करार, मग सोव्हिएत संघ फुटला ते १९९१, मग २००८ चा अमेरिकेबरोबरचा अणुकरार. मुलं विचारतात, अलिप्तता संपली कधी? माझं मत असं, की ती एका दिवसात संपलीच नाही. हंगेरीत सोव्हिएत फौजा घुसल्याच्या प्रश्नावर १९५६ मध्ये आपण संयुक्त राष्ट्रांत तटस्थ राहिलो, तसेच मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या ठरावावरही. बदललं ते हे, की आज आपण अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलियाबरोबरच्या क्वाड गटातही आहोत आणि चीन-रशिया असलेल्या शांघाय सहकार्य संघटनेतही, आणि व्यापार इतका वाढलाय की दिल्लीच्या निर्णयाची झळ थेट मागापर्यंत पोचते. हे म्हणणं कितपत टिकेल? जाणकारांनी खोडून काढलं तरी चालेल, उलट हवंच आहे.

चीनचा धडा तर सोलापुरात वेगळाच अवघड होतो. इथल्या मुलांना सोलापूरचेच डॉ. द्वारकानाथ कोटणीस लहानपणापासून माहीत असतात: १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यानंतर १९६२ चं युद्ध, २०२० ची गलवानची चकमक, आणि ऑगस्ट २०२५ अखेर चीनमधल्या तियानजिनला पंतप्रधानांची भेट. "मित्र की शत्रू?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही, आणि परीक्षेच्या धास्तीतली मुलं नेमकं तेच मागतात.

तर दोन गोष्टी हव्यात. १९९१ नंतरच्या धोरणावर बारावीला झेपेल असं मराठीतलं वाचन कुणी सुचवेल का? आणि निर्यातीत काम करणारं कुणी इथे असेल तर कृपया सांगा, त्या ५० टक्क्यांचा बोजा प्रत्यक्षात कुणी उचलला: तिकडच्या खरेदीदाराने, कारखानदाराने की पाळ्या कमी करून कामगाराने? युरोप आणि ब्रिटनकडे माल वळवणं खरंच जमतंय का? ब्रिटनबरोबर जुलै २०२५ मध्ये व्यापार करार झाला हे मी वर्गात सांगते, पण कारखान्यातला अनुभव माझ्याकडे नाही, आणि मुलांना तोच ऐकायचा आहे.