बोटीवर जमलेली माणसं: तुमचे क्रूझचे अनुभव लिहा

गोदाकाठची
परवा भाच्याने गुजरातेतल्या अलंगचा व्हिडिओ पाठवला, जुनी जहाजं मोडतात तिथला. भरतीच्या वेळी जहाज किनाऱ्यावर चढवतात, पाणी ओसरलं की माणसं गॅस कटर घेऊन कामाला लागतात. बघताना 'कर्णिका' आठवली आणि पोटात कालवलं. तीही २०२० च्या नोव्हेंबरात तिथेच गेली. १९९० साली इटलीत बांधलेली बोट, मुंबईहून २०१९ च्या एप्रिलात सुरू झाली आणि दीड वर्षात सगळं संपलं.

२०१९ च्या दिवाळीनंतर आम्ही तिच्यावरून मुंबई-गोवा केलं होतं. सकाळची पंचवटी धरून सीएसएमटी, तिथून टॅक्सीने बॅलार्ड पिअर. चढल्यावर सगळ्यात आधी लाइफ जॅकेटची कवायत. सात छोटे भोंगे, एक लांब. आमचं आणि शेजारच्या केबिनवाल्यांचं जमायचं ठिकाण एकच होतं. नागपूरच्या एक वहिनी जॅकेटच्या पट्ट्याशी झटत होत्या, मी लावून दिला. तेवढ्यावर ओळख झाली. रात्री डेकवर आम्ही चौघं एवढं बोललो की शेवटी सफाईवाला पोरगा खुर्च्या आवरायला आला.

पुढच्याच वर्षी करोनात वहिनींचे मिस्टर गेले. जाता येत नव्हतं. रोज रात्री नऊला फोन करायचे, कधी दोघी नुसत्या गप्प बसायचो. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला सख्खी बहीण पोचायच्या आत त्या नागपूरहून येऊन राहिल्या होत्या. आता कुठलीही क्रूझ ठरवली की दोन केबिन एकाच पॅसेजमध्ये मागतो.

माझं ठाम मत आहे, बोटीवर मैत्री लवकर जमते कारण तिथे कुणाला कुठे जायचं नसतं. फोनला रेंज नसते, सीरियल नसते, दारात दूधवाला नसतो. समोरच्या माणसाकडे बघावंच लागतं.

नाशिकमधले आणखी कोण कोण जातं? तुमची बोटीवरची माणसं सांगा.

शिल्पा_इंदिरानगर
अय्या कर्णिका!! ताई ही आधी ऑस्ट्रेलियात 'पॅसिफिक ज्युवेल' होती. आम्ही लेकीकडे गेलो तेव्हा सिडनीहून नुमेआला हिच्यावरूनच गेलो होतो. पुढचं नाक डॉल्फिनसारखं गोल, बरोबर ना? कुकर लावलाय, दोन शिट्ट्या झाल्यात. बाकीचं नंतर लिहिते

गोदाकाठची
हो हो तेच नाक! आधी लिही मग जेव :)

रत्नांग्रीकर_सिडको
तुमच्या क्रूझच्या आधी आमची बोट. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटायची. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावं आठवणारं कुणी आहे का इथे? जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत पणजी. केबिन आमच्या कुठल्या नशिबात, डेकवर चादर पसरायची. ज्याची चादर आधी पडली तो त्या जागेचा मालक. शेजारच्या चादरीवरच्या माणसाशी जेवणाच्या डब्याची देवाणघेवाण झालीच पाहिजे. बंदराला बोट लांब खोल पाण्यात उभी राहायची, मग पडाव म्हणजे उतरवून घेणाऱ्या होड्या येणार, ट्रंका खाली सोडणार, बाया पोरं हातावर झेलत उतरवणार. अनोळखी माणसाच्या हातात आपलं तान्हं पोर देताना कुणी मागेपुढे पाहत नसे.

आमच्या वडिलांची आणि देवगडच्या एका मास्तरांची ओळख अशीच झाली. दर मे महिन्यात दोघं पत्र लिहून एकाच दिवसाची बोट धरायचे. बोट बंद झाली, एसटीचे मार्ग दोघांचे वेगळे, तरी पत्रं चालू राहिली. वडील गेल्याचं मी त्यांना कळवलं तेव्हा त्यांनी वडिलांची सगळी पत्रं मला पाठवून दिली. माझ्या कपाटात आहेत.

आलेपाक
काका काय लिहिलंत. डोळे भरले.

मुंबईनाका
माझा अनुभव वेगळा आहे, लिहू का नको विचार करत होतो. आम्ही गेलो ते नाशिकच्या मोठ्या ग्रुपबरोबर. सगळे एकाच व्यवसायातले. चार दिवस जेवायला तेच, पत्त्याला तेच, डेकवर तेच, आणि बोलणंही द्राक्षाचे भाव आणि सिंहस्थाची टेंडरं. बोटीवर दीड-दोन हजार माणसं असून एकाशीही ओळख झाली नाही. वर मुंबईला उतरल्यावर जो तो आपल्या गाडीत. त्यामुळे बोटीवर मैत्री आपोआप होते हे मला पटत नाही. ग्रुप घेऊन गेलात तर गावच बरोबर नेता.

गोदाकाठची
अगदी खरं. दोघं-चौघंच जावं. मोठ्या ग्रुपभोवती भिंत असते, बाहेरचा माणूस आत येत नाही.

आलेपाक
ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी थोडं, विषय सोडून आहे पण उपयोगी पडेल. केबिन मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे हलणं सगळ्यात कमी. वरची बाल्कनी दिसायला छान, पण पावसाळ्याच्या आगेमागे गेलात तर तीच जास्त डोलते. बाहेर येऊन क्षितिजाकडे बघत राहायचं, पुस्तक-मोबाइल बंद. रिकाम्या पोटी अजिबात राहू नका. गोळी डॉक्टरांना विचारून, आणि त्रास सुरू व्हायच्या आधी. मी आलेपाकाच्या वड्या नेते, त्यावरूनच कोचीच्या एका आंटीशी ओळख झाली. त्या रेलिंगला धरून बसल्या होत्या. मी वडी दिली आणि आडोशाला नेऊन बसवलं. त्यांना हिंदी येत नाही, मला मल्याळम येत नाही. इंग्रजी दोघींचं जेमतेम. मालदीवच्या मालेला उतरून दोघी दिवसभर एकत्र फिरलो, आमचे नवरे मागून पिशव्या घेऊन. अजून ओणमला त्यांच्या फुलांच्या रांगोळीचा फोटो येतो, मी पाडव्याच्या गुढीचा पाठवते.

शिल्पा_इंदिरानगर
वड्या घरच्या चालतात का?? आम्हाला कोंडाजीचा चिवडा न्यायचा होता, जावेने घाबरवलं

आलेपाक
बंद पाकिटातलं आम्हाला कुणी अडवलं नाही. घरी केलेलं बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. तिकिटाबरोबर नियम येतात ते वाच. कंपनीगणिक वेगळे असतात.

प्रेसवाले_काका
मी नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त. आपल्या देशाचे पासपोर्ट आमच्याकडे छापतात हे नाशिककरांना सांगायला नको. आयुष्यभर पासपोर्टच्या पुस्तिका पाहिल्या, स्वतःचा काढला निवृत्तीनंतर, मुलाने सिंगापूरहून क्रूझ बुक केली म्हणून. पेनांगला उतरताना तो हातात घेतला आणि ऊर भरून आला. टेबलावर आमच्याबरोबर एक तमिळ गृहस्थ होते, त्यांना सांगितलं की ही पुस्तिका आमच्या गावची. त्यांनी उठून सगळ्या टेबलाला सांगितलं. मग जो तो आपला पासपोर्ट घेऊन माझ्याकडे, काका जरा हातात धरा, फोटो काढू. एवढा मान मला कामावर असताना नाही मिळाला. ते गृहस्थ आता दरवर्षी विचारतात, काका कुठली बोट धरायची?

मुंबईनाका
काका, हे वाचून फार बरं वाटलं. सलाम.

शाळेच्या_बाई
हे गेल्यावर मी एकटीने जायला लागले. पहिलं सांगते, एकटीला महाग पडतं. केबिन दोघांच्या हिशोबाने असते, त्यामुळे पुष्कळदा जवळजवळ दुप्पट भाडं भरावं लागतं. लोक म्हणाले एवढे पैसे खर्चून एकटी काय करणार. मी व्हँकुव्हरहून अलास्काची घेतली. (कॅनडा आणि अमेरिका, दोन्ही व्हिसा लागतात, वेळ हाताशी ठेवा.) रात्रीच्या जेवणाला ठरलेलं टेबल मागितलं, हे मात्र एकटीने जाणाऱ्या प्रत्येकीला सांगेन. बुफेत माणूस एकटा पडतो. ठरलेल्या टेबलावर दुसऱ्या दिवशी आपली कुणीतरी वाट बघत असतं.

आठ जणांचं टेबल. चेन्नईचं जोडपं, एक म्हातारे विधुर गृहस्थ, बाकीचे गोरे, त्यात दोन कॅनेडियन बहिणी. सत्तरीच्या पुढच्या, दरवर्षी येणाऱ्या. त्यांना बोटीतलं सगळं पाठ. ग्लेशियर बेला सकाळी नॅशनल पार्कचे रेंजर बोटीवर चढतात आणि माइकवरून माहिती देतात. लोक एका बाजूला गर्दी करून धक्काबुक्की करायला लागले. धाकटी बहीण म्हणाली, बस निवांत, चहा घे, कप्तान बोट जागेवर गोल फिरवतो, हिमनदी तुझ्यासमोर येणारच आहे. आणि आलीच. निळसर बर्फाची भिंत, मधूनच तुकडा पाण्यात कोसळायचा आणि आवाज मागून यायचा, मेघगर्जनेसारखा. मी रडले. हे असायला हवे होते असं वाटलं. थोरलीने काही विचारलं नाही, नुसता हात धरून ठेवला.

आता दर रविवारी धाकटीची मेल येते. थोरली गेल्या वर्षी गेली. मी गोदावरीच्या पुराचा फोटो पाठवला होता, तेव्हा दुतोंड्या मारुतीचं सांगितलं, पाणी कुठवर आलं हे त्याच्यावरून मोजतो म्हणून. तेव्हापासून जुलै लागला की तिचा पहिला प्रश्न, पाणी मारुतीच्या गुडघ्यापर्यंत की कमरेपर्यंत? मी मुद्दाम रिक्षा करून रामकुंडावर जाते, बघून येते आणि कळवते.

गोदाकाठची
बाई, पुढच्या वेळी रिक्षा करू नका, मी काठावरच राहते. फोन करा, दोघी जाऊ.

आलेपाक
+१ मी पण येणार

शिल्पा_इंदिरानगर
जेवणं आटोपली. तर सिडनीचं. आमच्या शेजारच्या केबिनमध्ये फिजीचं एक कुटुंब होतं, चार पिढ्यांपूर्वी ऊसमळ्यावर गेलेल्या लोकांपैकी. आजीबाई हिंदी बोलायच्या पण वेगळीच, जुन्या वळणाची. माझ्या सासूबाईंची आणि त्यांची गट्टी जमली. दोघी सकाळी डेकवर सूर्याला पाणी द्यायच्या, सासूबाईंनी लोटी नेली होती! ऑस्ट्रेलियन लोक कौतुकाने बघायचे. आजीबाईंनी आयुष्यात भारत पाहिला नव्हता. सासूबाईंनी रामकुंडाचं वर्णन केलं तर हात जोडून ऐकत होत्या. सासूबाईंनी गंगेचं पाणी पाठवायचं कबूल केलं होतं. कुरिअरवाले घेईनात, शेवटी लेकीच्या मैत्रिणीबरोबर पाठवलं. पोचलं.

रत्नांग्रीकर_सिडको
पोचलं हे वाचून जिवाला बरं वाटलं.

सातपूरची_आई
मी कधी क्रूझवर गेले नाही पण माझा मुलगा बोटीवर किचनमध्ये आहे. इथेच हॉटेल मॅनेजमेंट केलं. कित्येक महिने घरी नसतो. गणपतीला नाही, दिवाळीला नाही. केबिन लहान, दोघांत एक, खिडकी नाही. तुम्ही सगळे मजा करता ती खरीच करा, पण खाली ही पोरं बारा-बारा तास उभी असतात एवढं लक्षात असू द्या.

एक पुण्याचं वयस्कर जोडपं आहे, त्यांनी ह्याला दोन वेगवेगळ्या वर्षी त्याच बोटीवर पाहिलं आणि ओळखलं. काकूंनी त्याच्याकडून माझा नंबर घेतला आणि फोटो पाठवला, खाली लिहिलं, तुमचा मुलगा नीट जेवतो, काळजी करू नका. तो फोटो माझ्या देव्हाऱ्याजवळ आहे. काकू दर संक्रांतीला फोन करतात. मैत्री फक्त प्रवाशांची प्रवाशांशी होते असं नाही.

शाळेच्या_बाई
ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मी वेटर, केबिनवाला सगळ्यांची नावं लक्षात ठेवते आणि शेवटच्या दिवशी त्यांच्या नावानिशी चांगलं लिहून देते. त्याचा त्यांना पुढच्या कामासाठी उपयोग होतो असं एकाने सांगितलं होतं. सगळ्यांनी लिहा. पाच मिनिटं लागतात.

मुंबईनाका
हे करणार. लक्षद्वीपची बघतोय, ह्या वेळी फक्त आम्ही दोघं. परमिट वेगळं काढावं लागतं का?

आलेपाक
परमिट लागतंच, आपल्या लोकांनाही. क्रूझवाले बहुतेक काढून देतात, तरी बुकिंगच्या वेळी विचारून घ्या. बेटापर्यंत मोठी बोट जात नाही, छोट्या बोटीत उतरावं लागतं, गुडघे दुखत असतील तर आधी विचार करा. आणि ठरलेलं टेबल मागा, बाईंनी सांगितलंय तसं.

प्रेसवाले_काका
आपण सगळे एकाच गावात राहून इथेच भेटतोय. रविवारी मिसळ खायला जमूया का? गंगापूर रोडला, सकाळी नऊला.

शिल्पा_इंदिरानगर
मी येते पण साडेनऊ. रविवारी पाणी उशिरा येतं

गोदाकाठची
मी येणार. वहिनी पण नागपूरहून शनिवारी येतायत, घेऊन येते. सातपूरच्या ताई, तुम्ही यायलाच हवं.

सातपूरची_आई
मी तर क्रूझवाली नाही. चालेल का?

गोदाकाठची
अहो तुमचा मुलगा बोट चालवतो, तुम्ही नाही तर कोण :) साडेनऊ ठरलं.

रत्नांग्रीकर_सिडको
माझं यायचं मन आहे पण आता गाडी चालवत नाही.

मुंबईनाका
काका मी पाथर्डी फाट्यावरून येतो, त्रिमूर्ती चौकात नऊला थांबा, तुम्हाला घेतो. वडिलांची ती पत्रं आणाल का? दोन-चार तरी.