प्रतिसाद : ट्रायकोडर्मा लावूनही बटाट्यावर काळी खपली का?

एकाने विचारलंय की बटाट्याचं बेणं कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकात बुडवून लगेच ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) चोळला, तरी काढणीला बटाट्यावर काळे, धुऊन न जाणारे ठिपके दिसले. ते ठिपके रायझोक्टोनिया या रोगाच्या बुरशीचे, आणि बिघडलंय ते दोन्ही एकत्र वापरण्यात. ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच. कार्बेन्डाझिम तिलाही मारतं. दोन्हीतलं एकच निवडा.

ट्रायकोडर्मा निवडलात तर नुसत्या बेणेप्रक्रियेवर भागत नाही, तो जमिनीतही द्या. एकरी २ ते २.५ किलो ट्रायकोडर्माची भुकटी १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा. मूठ आवळली की गोळा व्हावा पण पाणी गळू नये, इतकीच ओल ठेवा. सावलीत ओल्या गोणपाटाखाली १०-१५ दिवस, तीन-चार दिवसांनी खालीवर करत. पांढरी-हिरवी बुरशी पसरली की लागवडीच्या सरीत टाका. कच्चं, गरम शेणखत वापरलंत तर सगळं फुकट! पाकिटावरची मुदतही बघा. उन्हात टांगलेलं पाकीट घेऊ नका.

बेण्याला लिटरभर पाण्यात १० ग्रॅम ट्रायकोडर्मा, त्यात १० मिनिटं बुडवून सावलीत सुकवा. कापलेलं बेणं असेल तर आधी काप सुकू द्या. आणि ज्या बेण्यावर आधीच खपली आहे ते बाजूलाच काढा, त्याला प्रक्रिया पुरत नाही.

झाड हिरवं असतानाच अचानक मान टाकत असेल तर खोडाचा तुकडा स्वच्छ पाण्यात धरा. दुधासारखी धार सुटली तर ती जिवाणूची मर. तिथे ट्रायकोडर्माचा भरवसा धरू नका. त्या जमिनीत पीक बदलून मका-गहू घ्या, टोमॅटो-वांगी टाळा.