समांतर रचना : इंग्रजीचा हट्ट की मराठीचाही नियम?

प्रश्न :
आठवीच्या निबंधांत ‘शी लाइक्स रीडिंग, स्विमिंग अँड टु सिंग’ असे वाक्य आले की शेवटचे पद मी ‘सिंगिंग’ असे दुरुस्त करते, कारण ‘अँड’ने जोडलेली पदे एकाच व्याकरणरूपात असावी लागतात. एका पालकांनी विचारले की, ‘तिला वाचन, पोहणे आणि गाणी आवडतात’ हे मराठीत कोणालाही खटकत नाही, मग इंग्रजीतच हा आग्रह कशासाठी? त्यांना काय उत्तर द्यावे, आणि या नियमाला मराठीत ‘समांतर रचना’ म्हणावे का?

प्रतिसाद १ :
मला ते वाक्य खटकते, कारण ‘पोहणे आवडतात’ असे आपण म्हणत नाही. तिथे ‘या गोष्टी आवडतात’ हवे. मात्र मुळातला फरकही त्यातच आहे. मराठीला विजोड पदे गोळा करणारे सर्वनाम मिळते. संविधानाच्या उद्देशिकेत इंग्रजीतला एकच ‘ऑफ’ पाच नामांना पुरतो, तर मराठीत ‘विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य’ असे लिहून सगळ्यांची विभक्ती एकट्या ‘यांचे’वर सोपवली आहे. इंग्रजी वाक्यात असे सर्वनाम सहसा येत नाही, म्हणून तिथे सारखेपणा प्रत्येक पदाला स्वतःच दाखवावा लागतो. शिवाय आपला ‘-णे’ इंग्रजीत ‘-इंग’ने आणि ‘टु’ने, दोन्ही प्रकारे उतरतो, त्यामुळे मुले दोन्ही रूपे एकाच वाक्यात घालतात.

प्रतिसाद २ :
त्याच उद्देशिकेची पुढची ओळ ‘दर्जाची व संधीची समानता’ अशी आहे. इंग्रजीतही तिथे ‘ऑफ’ दोनदा आला आहे, कारण दोन्ही समानता स्वतंत्रपणे उभ्या करायच्या आहेत. म्हणजे मराठीला ही शिस्त परकी नाही. १९७६च्या दुरुस्तीने एकात्मतेची भर पडल्यानंतरची ‘व्यक्तीची प्रतिष्ठा व राष्ट्राची एकता आणि एकात्मता’ ही रचना पाहावी : बाहेरचा जोड ‘व’ने आणि आतला ‘आणि’ने केला आहे, तर इंग्रजीला दोन्हीकडे ‘अँड’च वापरावा लागला.

प्रतिसाद ३ :
शिस्त असेल, पण आपले व्याकरणच ती मोडते. इसवी सन पूर्व ४७मधल्या झेलाच्या लढाईनंतरचे सीझरचे ‘वेनी, विडी, विकी’ हे उद्गार मराठीत ‘तो आला, त्याने पाहिले, त्याने जिंकले’ असे होतात. ‘येणे’ अकर्मक म्हणून कर्ता प्रथमेत राहतो आणि पुढे भूतकाळी सकर्मक क्रियापदांमुळे तो तृतीयेत जातो. लॅटिनमधली तीन एकरूप क्रियापदे मराठीत एका साच्यात बसवताच येत नाहीत. राहिला नावाचा प्रश्न. समांतर रेषा कधीच मिळत नाहीत, ही पदे मात्र एकाच क्रियापदाशी जोडलेली असतात, म्हणून ‘समरूप रचना’ हेच शुद्ध नाव होय.

प्रतिसाद १ :
विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील ‘समांतर जोडणी’त सगळे रोध त्याच दोन बिंदूंमध्ये जोडलेले असतात, आणि त्या शब्दाबद्दल कोणी तक्रार केलेली नाही. रुळलेला शब्द भूमितीच्या आधारे बाद ठरवणे मला मान्य नाही.

प्रतिसाद ३ :
विजेच्या जोडणीतला शब्द व्याकरणात प्रमाण का मानावा? तिथे रोध निरनिराळ्या मूल्यांचे असले तरी चालतात; इथे पदांचे रूप सारखे असणे हीच अट आहे, आणि ती ‘समरूप’ या शब्दातच दिसते.

प्रश्नकर्ती :
नावावर एकमत होईपर्यंत पालकांना मी ‘यांचे’चे उदाहरण देईन. परंतु ‘ही नॉट ओन्ली स्पीक्स मराठी बट ऑल्सो कन्नड’ या चुकीला ते लागू पडत नाही. मराठीत ‘मराठीच नव्हे तर कन्नडही’ असे म्हणताना ‘च’ आणि ‘ही’ नेमक्या शब्दांनाच चिकटतात. मग ती सवय असलेली मुले ‘नॉट ओन्ली’ क्रियापदाच्या आधी का ठेवतात?