'जेनिफर्स बॉडी' हा खरोखर अन्याय झालेला भयपट आहे का?

काजवा

दिग्दर्शिका कॅरिन कुसामा आणि पटकथालेखिका डायब्लो कोडी यांचा 'जेनिफर्स बॉडी' २००९ च्या सप्टेंबरमध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा त्याचे फारसे स्वागत झाले नाही. सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरात मिळून ३ कोटी १० लाख डॉलरच्या आसपास कमाई केली, आणि अनेक समीक्षकांनी 'धड भीतिदायक नाही, धड विनोदी नाही' असे म्हणून तो बाजूला सारला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझेही मत तसेच होते. नुकताच तो पुन्हा पाहिला आणि ते मत पार बदलले. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी कृपया इथेच थांबावे, कारण पुढे शेवटासकट सगळे येणार आहे.

कथा मिनेसोटातल्या डेव्हिल्स केटल या लहान गावात घडते. जेनिफर (मेगन फॉक्स) आणि नीडी (अमांडा सायफ्रेड) या बालमैत्रिणी एका रात्री गावातल्या बारमध्ये 'लो शोल्डर' नावाच्या बाहेरगावच्या बँडचे गाणे ऐकायला जातात. तिथे आग लागते, माणसे होरपळून मरतात, आणि भेदरलेल्या जेनिफरला बँडची मुले आपल्या गाडीत बसवून घेऊन जातात. प्रसिद्धी मिळावी म्हणून त्यांना सैतानाला एका कुमारिकेचा बळी द्यायचा असतो. जेनिफर कुमारिका नसते. बँडला प्रसिद्धी मिळायची ती मिळतेच, पण मारल्या गेलेल्या मुलीच्या देहात एक आसुरी शक्ती ठाण मांडते आणि शाळेतल्या मुलांना खाऊन जगू लागते.

अंगात सैतान शिरण्याच्या चित्रपटांची जी घडी १९७३ च्या 'द एक्सॉर्सिस्ट'ने बसवली, तीत वयात येऊ घातलेली मुलगी झपाटली जाते आणि धर्मगुरू येऊन तिला सोडवतात. तिथली बारा वर्षांची रेगन उईजा बोर्डशी, म्हणजे आत्म्यांशी बोलण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अक्षरांच्या पाटीशी खेळते, म्हणजे दार तिच्याच हातून किलकिले झाले असावे असे प्रेक्षकाला वाटत राहते. कुसामा आणि कोडी यांनी नेमकी हीच गोष्ट नाकारली आहे. इथे सैतानाला बोलावणारे पुरुष आहेत, त्यांचा हेतू निव्वळ व्यवहाराचा आहे, आणि मुलीला सोडवायला कोणीही येत नाही. बळी देण्याच्या प्रसंगात ती रडून गयावया करत असताना ती मुले एक लोकप्रिय गाणे म्हणत हसत असतात. राक्षस दिसण्याच्या आधीच भय पूर्ण होते, असा दुसरा प्रसंग मला या प्रकारच्या चित्रपटांत आठवत नाही.

हे त्या वेळी लोकांपर्यंत पोहोचले नाही, याचा मोठा दोष मी जाहिरातीला देतो. तोकड्या स्कर्टमधल्या मेगन फॉक्सचे पोस्टर लावून हा चित्रपट तरुण पुरुषांना विकण्यात आला. या प्रसिद्धीबद्दलची नाराजी दिग्दर्शिका आणि लेखिका या दोघींनीही पुढे मुलाखतींत बोलून दाखवली आहे.

निवडुंग

जाहिरातीबद्दल आपण लिहिले आहे ते मान्य, पण जाहिरात वाईट होती म्हणून चित्रपट चांगला ठरत नाही. २०१७ च्या ऑक्टोबरपासून मीटू चळवळीने जोर धरल्यावर अनेकांनी हा चित्रपट नव्याने पाहिला आणि त्याचे गुणगान सुरू झाले. माझी तक्रार अशी आहे की त्या गुणगानात पडद्यावर आहे त्यापेक्षा, पडद्यावर असायला हवे होते त्याचेच वर्णन जास्त आहे.

अत्याचार झालेल्या मुलीचा हा सूड आहे असे मानले, तर तो कोणावर उगवला जातो? पहिला बळी पडतो भारतातून शिकायला आलेला अहमत, जो आगीतून कसाबसा वाचलेला असतो. दुसरा जोनास, ज्याचा जिवलग मित्र त्याच आगीत गेलेला असतो. तिसरा कॉलिन, एकलकोंडा आणि सरळ मनाचा मुलगा. यांपैकी एकानेही जेनिफरचे काही वाईट केलेले नाही. ज्यांनी केले, त्या बँडचा शेवट श्रेयनामावली सुरू असताना छायाचित्रांच्या आणि कॅमेऱ्यातल्या तुकड्यांच्या रूपाने उरकला जातो, आणि तोही जेनिफरच्या नव्हे, नीडीच्या हातून. ज्या सूडासाठी या चित्रपटाचे आज कौतुक होते, त्याला मुख्य चित्रपटात दोन मिनिटेही मिळू नयेत, ही पटकथेतली मोठी उणीव आहे.

संवादांबद्दलही बोलायला हवे. 'जुनो'साठी कोडी यांना पटकथेचे ऑस्कर मिळाले होते आणि त्या चित्रपटातली चटपटीत भाषा तिथे शोभलीही होती. भयपटाला मात्र शांतता लागते. आगीत माणसे जळून गेल्यानंतर काही मिनिटांत पात्रे पुन्हा घडीव, टाळ्यांसाठी लिहिलेली वाक्ये बोलू लागतात, तेव्हा मघाशी वाटलेली भीती क्षणात विरून जाते. मला खरी भीती एकदाच वाटली. त्याच रात्री रक्ताने माखलेली जेनिफर नीडीच्या स्वयंपाकघरात येते, फ्रिजसमोर बसून कोंबडी ओरबाडून खाते आणि मग काळा, काटेरी द्रव ओकते, तो प्रसंग. तिथे ती जवळजवळ काहीच बोलत नाही, हे लक्षात घ्यावे.

सांजसावली

वरच्या दोन्ही लेखनांत बँडच्या मुलांची आणि बळी पडलेल्या मुलांची चर्चा झाली, पण ज्या दोघींची ही गोष्ट आहे त्या बाजूलाच राहिल्या. चित्रपट नीडी सांगते. सुरुवातीलाच ती कोठडीत आहे, आणि किशोरवयीन मुलगी म्हणजेच नरक, अशा अर्थाच्या तिच्या वाक्याने कथा उघडते. हे वाक्य जेनिफरइतकेच स्वतःबद्दलही आहे, असे मी समजते.

निवडुंग यांनी विचारले आहे की निरपराध मुलांनाच का मारले. मला वाटते, सैतान आत आल्यावरही जेनिफर पूर्णपणे नाहीशी झालेली नाही, यातच त्याचे उत्तर आहे. रेगनचा आवाज आणि चेहरा दोन्ही बदलतात, म्हणून समोर आहे ती रेगन नाही हे आपल्याला सतत ठाऊक असते. जेनिफरच्या बाबतीत तशी रेघ ओढता येत नाही. पोट भरले की तिची कांती तजेलदार होते आणि उपाशी राहिली की केस निस्तेज, चेहरा ओढलेला, म्हणजे ती चारचौघींसारखी दिसू लागते, आणि जिवंत असतानाही तिला सर्वांत जास्त भीती याचीच होती. नीडीकडे जे असेल ते आपल्याला हवे, ही तिची जुनीच सवय होती. म्हणून शेवटी ती नीडीच्या प्रियकरावर, चिपवर, झडप घालते. सैतानाने तिला फक्त दात दिले.

शेवटच्या झटापटीत जेनिफर पलंगावर अधांतरी तरंगत असते, आणि नीडी तिच्या गळ्यातले मैत्रीचे पदक हिसकावते, तेव्हा ती खाली कोसळते. मगच पाते छातीत शिरते. शाळेत असताना माझी एक मैत्रीण होती, जिच्यापुढे मी वर्षानुवर्षे लहान होऊन वावरले आणि जिच्याशी संबंध तुटला तेव्हा सुटकेबरोबर लाजही वाटली. तो प्रसंग पाहताना मला तिची आठवण झाली, आणि भयपट पाहून मी रडले असे आजवर तेवढ्या एकाच वेळी घडले आहे.

एक गोष्ट मात्र मी या चित्रपटाला माफ करणार नाही. दोघींच्या चुंबनाचा प्रसंग कॅमेऱ्याने ज्या जवळिकीने टिपला आहे, त्यात जाहिरातवाल्यांची नजर आत शिरलेली दिसते.

पिंपळपान

गावाच्या नावाविषयी थोडी भर घालतो. डेव्हिल्स केटल हा मिनेसोटातला खरा धबधबा आहे. ब्रूल नदीचा अर्धा प्रवाह तिथे एका खळग्यात पडून दिसेनासा होतो आणि त्याचे पुढे काय होते हे दीर्घकाळ गूढ मानले जाई. २०१७ मध्ये तिथल्या राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाने सांगितले की धबधब्याच्या वर सेकंदाला १२३ घनफूट आणि खाली १२१ घनफूट पाणी मोजले गेले, म्हणजे ते नदीतच परत येते. चित्रपटात बँडने वापरलेला सुरा असाच त्या खळग्यात जातो आणि अखेरीस नीडीला पाण्याच्या खालच्या अंगाला सापडतो. मोजमापाच्या कितीतरी आधी लेखिकेने पाणी परत आणले, आणि पाण्याबरोबर गुन्ह्याचे हत्यारही. त्यामुळे शेवटचा सूड घाईत उरकला असला, तरी तो उपरा वाटत नाही.

काजवा

संवादांबद्दलची टीका मी मान्य करतो. काही वाक्ये खरोखरच पात्रांच्या तोंडी लेखिकेने कोंबलेली वाटतात. अहमतचा प्रसंग मात्र मी वेगळा वाचतो. तू वाचलास हे कुणाला माहीत आहे का, असे जेनिफर त्याला विचारते आणि तो मान हलवून नाही म्हणतो. जिच्यामागे कोणी फार शोध घेणार नाही अशी लहान गावातली मुलगी बँडने निवडली होती. काही तासांनी तीच मुलगी, जो वाचल्याचे कुणालाच ठाऊक नाही अशा परक्या मुलाला निवडते. तिच्यावर झालेला अत्याचार ती जसाच्या तसा पुढे पाठवते. यात सूड कुठेच नाही, आणि म्हणूनच तो प्रसंग इतका अस्वस्थ करतो.

शिवाय गावाकडेही पाहावे. आगीतून लोकांना वाचवणारे वीर म्हणून त्याच बँडचा उदोउदो होतो, त्यांचे गाणे गावाचे शोकगीत बनते, आणि खोटे आहे असे सांगणाऱ्या नीडीवर लोक चिडतात. झपाटलेली मुलगी सर्वांना दिसेल, पण तिला झपाटून टाकणाऱ्यांना गाव टाळ्या देते, हे चित्रपटाने २००९ मध्ये मांडले होते. नंतर कोणी आपल्या मनाने त्यात भरलेले नाही.

निवडुंग

शोकगीताचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, आणि तो या चित्रपटाच्या बाजूने जमेस धरायलाच हवा. सांजसावली यांनी पदकाविषयी लिहिले आहे, तेही मला पटले.

अहमतबद्दल मात्र मी माझे म्हणणे सोडत नाही. कॉलिनच्या दफनविधीचा प्रसंग आठवावा. त्याची आई तिथे उभी राहून त्याच्या मित्रांना जे सुनावते, त्यामुळे काही क्षण का होईना, मेलेला मुलगा कोणाचा तरी मुलगा होता हे जाणवते. म्हणजे शोक कसा दाखवावा हे या चित्रपटाला उत्तम ठाऊक आहे. अहमतच्या वाट्याला तसे काहीच येत नाही. त्याला धड एक वाक्य नाही, स्वभाव नाही, त्याच्या घरी कळवले की नाही याचा उल्लेखही नाही. सारे त्याला आगीत गेलेला समजतात आणि कथा पुढे निघून जाते. जेनिफरने त्याला निवडले कारण त्याची चौकशी कोणी करणार नव्हते, असे आपण म्हणता. मग निदान चित्रपटाने तरी ती करायला हवी होती.